पाणी उतरल्यावर दुकान कोण उघडतं?

चिपळूणच्या बाजारपेठेत औषधांचा घाऊक धंदा करणारा मामा आणि पुण्यात एका कंपनीच्या संगणक यंत्रणा कोसळल्या तर त्या पुन्हा उभ्या करण्याची जबाबदारी सांभाळणारी भाची. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांची मतं कुठल्याही व्यापारी पेठेत ऐकू येतील अशी आहेत. मामाच्या मते बुडालेला धंदा माणसं वर काढतात. भाचीच्या मते माणसं हवीतच, पण त्यांच्या हाती नोंदी नसतील तर ती काय वर काढणार? एप्रिल महिना आहे. पावसाळ्याआधी अमलात आणायचा दोन पानी आराखडा भाचीने मामाला पाठवला, आणि वाद सुरू झाला.

मामा : तुझी दोन पानं वाचली. अगं, तीन संगणक आणि चार माणसांचं दुकान आहे हे, रिझर्व्ह बँक नव्हे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारात शिरल्या तेव्हा तळमजल्यात पाणी छताला लागलं होतं. माल गेला, इन्सुलिनचे फ्रीज गेले, संगणकांत चिखल भरला. आणि तरी ऑगस्ट संपायच्या आत मी बिलं फाडत होतो. तेव्हा कुठला आराखडा होता माझ्याकडे?

भाची : नव्हता. मग काय होतं?

मामा : माणसं होती. कंपन्यांचे प्रतिनिधी आले, जुनी बाकी बाजूला ठेवून नवा माल पाठवला. खेड्यापाड्यांतले मेडिकलवाले फावडी घेऊन चिखल उपसायला आले. ट्रान्सपोर्टवाल्याने महिनाभर भाडं मागितलं नाही. तीस वर्षं शब्द पाळला होता, तो कामाला आला. हे तुझ्या पानांवर कुठे लिहिलंय?

भाची : कुठेच नाही, आणि लिहिता येणारही नाही. मला फक्त एवढंच सांगा, पुराच्या आदल्या संध्याकाळी बाजारात तुमचं येणं किती होतं?

मामा : अंदाजे सांगतो.

भाची : अंदाज नको.

मामा : मग नाही सांगता येणार. टॅलीत होतं. टॅली पाण्यात.

भाची : बॅकअप?

मामा : घेत होतो की! पेनड्राइव्हवर, रोज, न चुकता.

भाची : पेनड्राइव्ह कुठे असायचा?

मामा : गल्ल्याच्या खणात.

भाची : आणि गल्ला?

मामा : पुढे बोल.

भाची : खरेदीचा हिशेब तुम्हाला परत मिळाला, कारण त्याची दुसरी प्रत तुम्हाला माल देणाऱ्यांकडे होती. जूनपर्यंतची विक्री जीएसटीच्या पोर्टलवर होती. जुलैचं विवरणपत्र ऑगस्टमध्ये भरायचं, म्हणजे जुलैची बिलं तिथे अजून पोचलीच नव्हती. चेकने आणि एनईएफटीने आलेले पैसे बँकेच्या पासबुकात दिसले. पण कोणी रोख किती दिले, कोणाचा माल परत आला, कोणाशी काय तडजोड झाली, हे फक्त तुमच्याकडे होतं. जे जगात दुसऱ्या कुठेच लिहिलेलं नाही, तेच जपायचं. माझ्या दोन पानांतलं पहिलं पान एवढंच सांगतं.

मामा : आणि तरी मी येणं लावलंच की. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉक आणि येण्याची यादी द्यावी लागते. 30 जूनची यादी बँकेच्या फायलीत सापडली. तिच्यावरून सगळं पुन्हा मांडलं.

भाची : म्हणजे तुमचा बॅकअप चिपळुणात नव्हता, बँकेच्या फायलीत होता, आणि तो तुम्ही घेतला नव्हता, बँकेने घ्यायला लावला होता. तीन आठवडे जुना. आमच्याकडे याला आरपीओ म्हणतात : संकटानंतर मागे वळून पाहिलं तर शेवटची भरवशाची नोंद जास्तीत जास्त किती जुनी चालेल. दुसरा शब्द आरटीओ : किती वेळात पुन्हा कामाला लागायचं. हे दोन आकडे मालकाने ठरवायचे असतात. तुमच्या बाबतीत पहिला बँकेच्या नियमाने ठरवला आणि दुसरा वाशिष्ठीने.

मामा : या तीन आठवड्यांत फारसं काही बुडालं नाही मात्र. बहुतेकांनी आपापली बाकी स्वतःहून सांगितली.

भाची : बहुतेकांनी. बाकीच्यांशी?

मामा : दोघा-तिघांशी वाकडं आलं. त्यांनाही खोटं म्हणवत नाही. त्यांची दुकानंही पाण्यात होती, त्यांच्याही वह्या गेल्या होत्या.

भाची : हेच म्हणते मी. तुम्ही माणसांवर विसंबता, आणि संबंध तुटतात ते माणसांच्या वाईटपणामुळे नव्हे, तर दोघांकडेही कागद नसल्यामुळे. नोंद शाबूत असती तर त्या दोघा-तिघांना तुम्ही सूट दिली असती आणि त्यांनी तुमचे आभार मानले असते. दिलदारपणा करायलासुद्धा आकडा लागतो.

मामा : बरं, हे मान्य. येण्याची नोंद एका दिवसापेक्षा जुनी चालणार नाही. पण स्टॉकचं कशाला? पुरानंतर स्टॉक शून्य. शून्य लिहायला बॅकअप लागत नाही.

भाची : विम्याच्या सर्व्हेअरला शून्य चालतो? पुराआधी कपाटात काय होतं, हे दाखवल्याशिवाय तो नुकसान कशावरून धरणार? आणि विमा भिजलेल्या संगणकाची किंमत देईल, आतल्या नोंदी परत देणार नाही.

मामा : सर्व्हेअरची आठवण काढू नकोस. बरं, आता मी विचारतो. एवढं सगळं करून तुमचे मोठे लोक तरी कुठे वाचतात? मी शेअर बाजारात थोडं करतो, म्हणून लक्षात आहे. 24 फेब्रुवारी 2021. राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी बंद पडला आणि दुपारी पावणेचारला उघडला. त्यांच्याकडे तर दुसरं केंद्र तयार होतं ना?

भाची : होतं.

मामा : मग?

भाची : मग ते वापरलं नाही. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला, त्यातून जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मिळेनाशी झाली. मूळ जागीच दुरुस्ती करायची की दुसरीकडे जायचं, या पेचात तास गेले. दुसरीकडे जाणं म्हणजे बटण दाबणं नसतं. तिकडचा डेटा दोन-चार मिनिटं मागे असेल तर मधल्या सौद्यांचं काय? तिकडे गेल्यावर परत कसं यायचं? 'अजून दहा मिनिटांत होईल' असं म्हणणारा एक तरी इंजिनीअर तिथे उभा असतोच, आणि दर दहा मिनिटांनी तो तेच म्हणतो. म्हणून पुढच्याच महिन्यात सेबीने नियम घालून दिला : महत्त्वाची यंत्रणा अडली तर अर्ध्या तासात ती 'आपत्ती' म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावर जायचं.

मामा : म्हणजे कोट्यवधी खर्चून केंद्र उभारलं, आणि चुकलं कुठे, तर 'चला' कोणी म्हणायचं यात.

भाची : बरोबर. म्हणून माझं दुसरं पान यंत्रांबद्दल नाहीच. कोण निर्णय घेणार, कधी घेणार, आणि तो सापडला नाही तर कोण, एवढंच त्यात आहे.

मामा : माझ्या दुकानात मीच घेणार. त्यात लिहायचं काय?

भाची : 22 जुलैला तुम्ही कुठे होतात?

मामा : घराच्या वरच्या मजल्यावर. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. दोन दिवस कोणाशी बोलणं नाही.

भाची : आणि जीएसटीचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड, टॅलीच्या लायसन्सचा ईमेल?

मामा : माझ्याकडे. आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर. मोबाइल भिजला, दुसरं सिम घ्यायला गॅलरी शोधली तर ती पण बुडालेली.

भाची : म्हणजे धंद्याचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली वरच्या मजल्यावर अडकली होती. मामी किंवा तुमचे जुने दिवाणजी, या दोघांपैकी एकाच्या नावावर दुसरी किल्ली नको का?

मामा : दिवाणजींवर माझा विश्वास आहे. पण पासवर्ड कागदावर लिहून ठेवायचा? तूच मागे म्हणाली होतीस, पासवर्ड कुठे लिहू नका.

भाची : मॉनिटरवर चिकटवू नका म्हणाले होते. बंद पाकिटात, सही करून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला काय हरकत? लॉकर मात्र बाजारपेठेतल्या शाखेत तळमजल्यावर नको.

मामा : कागदाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली विंडोजची 85 लाख यंत्रं बंद पाडली ना? तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्याआधी 2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हाही डॉक्टरांनी कागदावर काम चालवलं. शेवटी आधार कागदाचा आणि पेनाचाच.

भाची : यात तुमच्याशी भांडणार नाही. उलट माझ्या क्षेत्रातले लोक हे विसरतात असं माझं म्हणणं आहे. सर्व्हर किती मिनिटांत उठेल यावर बैठका होतात, आणि तोवर काउंटरवरचा माणूस काय करेल यावर एक ओळ नसते. पण हाताने काम करायची तयारीही आधीच करावी लागते. तुमच्याकडे कोरी बिलबुकं आहेत?

मामा : असतील पोटमाळ्यावर. जुन्या व्हॅटच्या काळातली.

भाची : त्यावर जीएसटी नंबर आहे? एचएसएन कोड, बॅच नंबर, एक्स्पायरीचा रकाना आहे? बॅच न लिहिता औषध विकलंत आणि उद्या कंपनीने तीच बॅच परत मागवली, तर ती कोणाकोणाला गेली हे कसं शोधाल? शिवाय यंत्रणा परत उभी राहिली की ती सगळी हातची बिलं कोणीतरी आत भरायची असतात. ज्या क्रमाने फाडली त्याच क्रमाने, नंबर न चुकवता. बंद पडलेले दिवस कसेबसे निघतात, हिशेब नासतो तो या भरण्यात. म्हणून हातच्या बिलांची नंबरमालिका आधीपासून वेगळी हवी.

मामा : हे बाकी कामाचं बोललीस. नवी बिलबुकं छापून घेतो. ती जागतिक उदाहरणं ऐकण्यापेक्षा हे बरं.

भाची : एक तरी ऐका, त्यात तुमचाही मुद्दा आहे. मर्स्क ही जहाज कंपनी. 27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने तिचं जगभरचं संगणकजाळं काही तासांत पुसून टाकलं. आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलसुद्धा अडकलं. कोणाला आत येऊ द्यायचं याची यादी ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल सतत करत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळेच एकदम पुसले जातील, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. वाचला एकच, घानातला.

मामा : तिथे काय विशेष बंदोबस्त होता?

भाची : लाईट गेली होती.

मामा : काय म्हणतेस!

भाची : हल्ल्याच्या वेळी तिथे वीज नव्हती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं बांधलं. 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले. त्या दहा दिवसांत माल पूर्ण थांबला नाही. लोकांनी हाताने नोंदी ठेवून, मिळेल त्या साधनाने निरोप देऊन जहाजं हलवली आणि मालवाहतूक साधारण पाचव्या हिश्शानेच घटली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला हे उघडपणे सांगितलं.

मामा : बघ! माणसांनीच तारलं.

भाची : माणसांनी दहा दिवस तारलं. अकराव्या दिवशी यंत्रणा नसती तर? आणि यंत्रणा आली ती एका न जोडलेल्या प्रतीमुळे. एकमेकांची तत्काळ नक्कल करणाऱ्या प्रती कितीही असल्या, तरी बिघाडाचीही नक्कल तितक्याच तत्काळ होते. तुमच्या मुलाने हिशेबाचा फोल्डर गुगल ड्राइव्हला जोडून दिलाय ना? तो सिंक आहे. इथे फाइल खराब झाली की तिथलीही खराब होते, इथे पुसली की तिथलीही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस मिळतात, पण त्या कशा परत आणायच्या हे आधी कधी करून पाहिलंय?

मामा : क्लाऊडवर माझा मुळात विश्वास नाही. 2024 च्या जुलैअखेर छोट्या बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, आणि सुमारे 300 बँकांचं यूपीआय, एटीएम अडलं. त्या बँकांचा काय दोष? त्यांनी आपला कारभार दुसऱ्याच्या भरवशावर टाकला, एवढाच. माझे हिशेब मी दुसऱ्याच्या घरात का ठेवू?

भाची : दोष नव्हता. दुसऱ्याच्या घरात ठेवलं की त्याच्या घरची आगही आपली होते. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला एक मोठं डेटा सेंटर जळालं. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता, त्यांचं दोन्ही गेलं. 2025 च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियात डेजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फायलींची 858 टेराबाइटची साठवण नष्ट झाली, कारण ती फार मोठी आहे म्हणून तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

मामा : म्हणजे तूच माझी बाजू मांडतेस.

भाची : अर्धी. म्हणूनच तीन प्रती म्हणते, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. एक दुकानातल्या संगणकावर, रोजच्या कामाची. एक क्लाऊडवर, रात्री आपोआप जाणारी, पासवर्डने बंद केलेली. तिसरी हार्ड डिस्कवर, रत्नागिरीच्या दादाकडे. दर शनिवारी एक डिस्क जाईल आणि जुनी परत येईल. ती कशालाही जोडलेली नसेल. लाईट जायची वाट न पाहता मिळालेलं घाना.

मामा : खर्च?

भाची : दोन हार्ड डिस्क आणि क्लाऊडचं वर्षाचं भाडं. इन्सुलिनच्या फ्रीजसाठी तुम्ही इन्व्हर्टर घेतलात, त्यापेक्षा पुष्कळ कमी.

मामा : खर्चाचं सोड, मला खटकतं ते वेगळंच. तू म्हणतेस तसं सगळं केलं आणि मी निर्धास्त झालो, तर? पूर्वी हवामान खात्याचा इशारा आला, कोयनेच्या पाण्याची बातमी आली की रात्री दोन वाजता उठून मी माल वर चढवायचो. 'सगळं क्लाऊडवर आहे' म्हटलं की पोरं उठणार नाहीत. आराखड्याने माणूस आळशी होतो.

भाची : हा मात्र खरा आक्षेप आहे आणि माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही. मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. हिशेब तपासनीसाला दाखवायला फाइल तयार असते. तिच्यातल्या फोन नंबरांतले दोन नोकरी सोडून गेलेल्यांचे असतात. आणि 'बॅकअप होतोय' हे कोणीतरी गृहीत धरलेलं असतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनीअरने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपचे पाच मार्ग होते. बघायला गेले तर एकही धड चालत नव्हता. एक तर आवृत्तीच्या घोळामुळे रोज निष्फळ होत होता आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती, तिने वाचवलं. मधले सहा तास गेले ते गेलेच.

मामा : पाचही मार्ग बंद! तिथे काय माणसं कमी हुशार होती?

भाची : हुशार होती. त्यांनी बॅकअप घेतले, परत लावून कधी पाहिले नाहीत. तुमच्या पेनड्राइव्हचं काय? तो पाण्यात गेला नसता तरी उघडला असता, हे कशावरून?

मामा : कधी उघडून पाहिला नाही.

भाची : म्हणून तुमच्या आक्षेपावर माझ्याकडे एवढंच आहे : सराव. वर्षातून दोनदा, एक पावसाळ्याआधी आणि एक दिवाळीनंतर. दुकान बंद असेल त्या दिवशी जुना संगणक काढायचा, रत्नागिरीची डिस्क आणायची, आणि कोऱ्या यंत्रावर टॅली उभी करून कालची येणे-बाकी काढून दाखवायची. घड्याळ लावून. जितके तास लागतील तो तुमचा खरा आरटीओ, कागदावर लिहिलेला नव्हे. यात पोरं आळशी होत नाहीत, उलट घाम फुटतो.

मामा : येऊन करून दे मग एकदा.

भाची : पुढच्या रविवारी येते.

मामा : थांब, माझी एक अट आहे. तू यायचं, पण दुकानाबाहेर बसायचं. फोन बंद ठेवायचा. मीसुद्धा घरी बसतो, वरच्या मजल्यावर अडकल्यासारखा. दिवाणजी आणि तो नवा पोरगा, दोघंच करतील. तू करून दिलंस तर पुराच्या दिवशी पुण्याहून तुला आणणार कोण? घाट बंद असतो.

भाची : मामा, हे माझ्या दोन पानांत नव्हतं.

मामा : मग तिसरं पान लिही. 'जाणकार माणूस पोचणार नाही असं धरून चालावे.' आणि बिलबुकाच्या छपाईचं त्यातच घाल.

भाची : पण दिवाणजींना नाही जमलं तर?

मामा : नाही जमलं तर कुठे अडलं ते कळेल. मृगाला अजून दीड महिना आहे.